एक डॉलरचं पेटंट आणि कमरेचा पंप

1921 पर्यंत टाइप 1 मधुमेह झालेल्या मुलाला वाचवणारं औषध जगात नव्हतं. अर्धपोटी ठेवून दिवस वाढवायचे, एवढंच डॉक्टरांच्या हाती होतं. 23 जानेवारी 1922 रोजी टोरांटोत 14 वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला शुद्ध केलेलं इन्सुलिन टोचलं आणि त्याची साखर उतरली. बँटिंग, बेस्ट आणि कॉलिप यांनी त्याचं पेटंट विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला देऊन टाकलं.

हे इन्सुलिन गुरांच्या आणि डुकरांच्या स्वादुपिंडातून काढलं जाई. जीव वाचवण्यासाठी शरिअतची मुभा असली, तरी अनेकांच्या मनात खटक राही. 1982 मध्ये जिवाणूंकडून बनवलेल्या मानवी इन्सुलिनला अमेरिकेत मंजुरी मिळाली आणि तो प्रश्न सुटला. 2003 मध्ये वोक्हार्टने मानवी इन्सुलिन भारतात विकसित करून बाजारात आणलं.

औषध मिळालं, पण किती आणि कधी घ्यायचं? निरोगी स्वादुपिंड हा हिशेब क्षणोक्षणी करतं; रुग्णाला तो स्वतः करावा लागतो. मात्रा जास्त झाली तर झोपेतच साखर धोकादायक खाली जाते. म्हणून 1960 च्या दशकात अमेरिकेतल्या डॉ. अर्नोल्ड कॅडिश यांनी साखर मोजून आपोआप इन्सुलिन देणारं यंत्र बनवलं. ते पाठीवरच्या पिशवीएवढं होतं. 1970 च्या दशकातलं बायोस्टेटर तर खाटेशेजारीच ठेवावं लागे.

आज त्वचेखालचा सेन्सर साधारण दर पाच मिनिटांनी साखर सांगतो, संगणक हिशेब करतो आणि कमरेचा छोटा पंप इन्सुलिन सोडतो. जेवणाची माहिती मात्र बहुधा माणसानेच द्यावी लागते. अशा पहिल्या व्यापारी यंत्राला अमेरिकेत सप्टेंबर 2016 मध्ये मंजुरी मिळाली. त्याआधीच, 2015 मध्ये, स्वतः टाइप 1 मधुमेही असलेल्या डेना लुईस यांनी साथीदारांसह आपल्या यंत्राची रचना सर्वांसाठी मोफत खुली केली होती. ज्या इल्माचा फायदा मागे चालू राहतो, त्याला आपण सदका-ए-जारिया म्हणतो. एका डॉलरचं पेटंट आणि ही मोफत रचना त्याच जातीची.

आता ही यंत्रं भारतातही मिळतात, पण त्यांची किंमत मजुराच्या घराला झेपणारी नाही. आसेगावसारख्या गावात वीज गेली की इन्सुलिन थंड कसं ठेवायचं, हीच पहिली काळजी असते. इन्सुलिनचा हक्क एका डॉलरला सुटून शंभर वर्षं झाली. आता ते नेमकं देणारं यंत्रही गरिबाच्या लेकरापर्यंत पोचायला हवं. सरकारकडे मागायचं असेल, तर हे मागू या.