एकच प्रत वाचली: २७ जून २०१७चा घटनाक्रम

२७ जून २०१७ रोजी डेन्मार्कच्या मर्स्क कंपनीचे संगणक जगभर एकाच वेळी काळे पडले. कंटेनर वाहतुकीत तेव्हा तिच्याहून मोठी कंपनी नव्हती. तिच्याकडे बॅकअप नव्हते असं मुळीच नाही, सर्व्हरांच्या प्रती होत्या. तरीही उरणजवळच्या न्हावा-शेवा बंदरातलं तिचं टर्मिनल थांबलं आणि सगळी यंत्रणा नव्याने बसवायला दहा दिवस लागले. या दिवसाचा हिशेब तासातासाने मांडावासा वाटतो, कारण प्रत असणं आणि त्या प्रतीवरून पुन्हा उभं राहता येणं यांतलं अंतर इतकं स्पष्ट क्वचितच दिसतं.

ग्वाल्हेरहून समुद्र दूर आहे, पण ही घटना दूरची नाही. भिंड रस्त्यावर मालनपूरला ज्या मोंडेलीझ कंपनीचा चॉकलेटचा कारखाना आहे, तिचे जगभरातले सुमारे १,७०० सर्व्हर आणि २४,००० लॅपटॉप याच हल्ल्यात कायमचे निकामी झाले. खालच्या सगळ्या वेळा भारतीय प्रमाणवेळेनुसार आहेत.

१०५ दिवस आधी: १४ मार्च

मायक्रोसॉफ्टने विंडोजमधलं एक मोठं भगदाड बुजवणारी दुरुस्ती प्रसिद्ध केली. फाइली वाटून घेण्याच्या जुन्या पद्धतीत हा दोष होता आणि त्यातून परका माणूस पासवर्डशिवाय संगणकात शिरू शकत होता. दुरुस्ती फुकट होती. ती लावायची, संगणक एकदा बंद करून चालू करायचा, इतकंच काम. पण चोवीस तास चालणाऱ्या कचेऱ्यांत हे काम पुढे ढकललं जातं.

७४ दिवस आधी: १४ एप्रिल

‘शॅडो ब्रोकर्स’ नावाच्या टोळीने अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेची चोरलेली हॅकिंगची हत्यारं जाहीर केली. त्यातलं ‘इटर्नल ब्लू’ नेमकं याच भगदाडातून शिरत होतं. त्याच दिवशी युक्रेनमध्ये दुसरी एक गोष्ट झाली आणि ती कोणाच्या लक्षात आली नाही. तिथल्या कंपन्या कराची विवरणं भरायला एम-ई-डॉक नावाचं सॉफ्टवेअर वापरत. त्याच्या नव्या आवृत्तीत हल्लेखोरांनी चोरदरवाजा बसवला होता. पुढे १५ मे आणि २२ जूनच्या आवृत्त्यांतूनही तो लोकांच्या संगणकांत पोचला.

मर्स्कच्या युक्रेनमधल्या एका अधिकाऱ्याच्या सांगण्यावरून हे सॉफ्टवेअर ओडेसाच्या कचेरीतल्या एका संगणकावर बसवलेलं होतं. पुढच्या सगळ्या नुकसानीला तेवढा एक संगणक पुरला.

४६ दिवस आधी: १२ मे

‘वॉनाक्राय’ नावाच्या खंडणीखोर प्रोग्रामने दीडशेच्या आसपास देशांतले संगणक कुलूपबंद केले. इंग्लंडमध्ये रुग्णालयांना शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या, आंध्र प्रदेशात पोलिसांचे संगणक अडकले. एका तरुण ब्रिटिश संशोधकाला तो बंद पाडणारा खटका सापडला आणि साथ ओसरली. याहून मोठ्या आवाजात इशारा मिळणं शक्य नव्हतं. भगदाड तेच होतं, हत्यारही तेच होतं आणि दुरुस्ती उपलब्ध होती. ‘आपल्या प्रती कुठे आहेत, आणि त्या कशाला जोडलेल्या आहेत?’ हे विचारायला प्रत्येक कंपनीला दीड महिना मिळाला होता.

२७ जून, दुपारी २.२९

किव्हमध्ये सकाळ संपत आली होती. दुसऱ्या दिवशी युक्रेनचा संविधान दिन, म्हणजे सुटी. एम-ई-डॉक पुरवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर हल्लेखोर चोरलेल्या पासवर्डने आत आले आणि सर्वाधिकार मिळवले. हे तपशील नंतर सिस्कोच्या तपास पथकाने त्या सर्व्हरच्या नोंदींतून वाचले.

दुपारी २.४१

सर्व्हरची रचना बदलली गेली. आता नवी आवृत्ती मागणारा ग्राहकाचा संगणक कंपनीऐवजी हल्लेखोरांच्या यंत्राशी बोलू लागला. तिथून जे उतरलं, त्याला पुढे ‘नॉटपेट्या’ हे नाव पडलं.

त्याची चाल दुहेरी होती. जिथे मार्चमधली दुरुस्ती लावलेली नव्हती, तिथे ते भगदाडातून शिरे. जिथे लावली होती, तिथे शेजारच्या संगणकाच्या स्मृतीतून उचललेले पासवर्ड वापरून पुढच्या दारातून शिरे. त्यामुळे शंभरातल्या नव्व्याण्णव संगणकांची दुरुस्ती केलेली असली तरी उरलेल्या एकातून बाकीचे पडू शकत होते. युक्रेनमधल्या एका मोठ्या बँकेचं जाळं ४५ सेकंदांत आडवं झालं.

पुढचा एक तास

संगणकात शिरल्यावर नॉटपेट्या थोडं थांबे आणि दहा मिनिटांपासून तासाभरात संगणक आपोआप बंद होऊन पुन्हा चालू होई. पडद्यावर डिस्कची तपासणी चालू असल्याचा मजकूर दिसे आणि ‘वीज बंद करू नका’ अशी सूचना येई. तो मजकूर खोटा होता. त्या मिनिटांत कोणती फाइल डिस्कवर कुठे आहे हे सांगणारी मुख्य सारणी कुलूपबंद होत होती. प्लग उपटणं हाच त्या घडीचा बरोबर उपाय होता. तसं केलं तर डिस्क दुसऱ्या माध्यमावरून उघडून बऱ्याच फाइली वाचवता येत. पण सूचना मानायची सवय असलेल्या माणसाने ती इथेही मानली.

मग लाल अक्षरं उमटत आणि ३०० डॉलरची खंडणी बिटकॉइनमध्ये मागितली जाई. ती भरून काही मिळणार नव्हतं. पडद्यावरचा ओळख क्रमांक यदृच्छेने बनवलेला होता, त्यावरून किल्ली काढणं हल्लेखोरांनाही शक्य नव्हतं. हेतू पैसे उकळण्याचा नव्हता, सगळं नष्ट करण्याचा होता.

या तासाचा धडा फार व्यावहारिक आहे. विंडोजचा पुनर्प्राप्तीचा कप्पा आणि ‘सिस्टिम रिस्टोर’चे टप्पे बहुधा त्याच डिस्कवर असतात. डिस्कच गेली की तेही जातात. परतीचा रस्ता संगणकाच्या बाहेर असावा लागतो.

दुपारनंतर: कोपनहेगन

मर्स्कच्या मुख्यालयात एकामागून एक पडदे काळे होऊ लागले. लोक मजल्यामजल्यांवर धावत ओरडून सांगत होते, संगणक बंद करा, जाळ्यातून काढा. पूर्ण जाळं तोडायला दोन तासांहून अधिक वेळ गेला आणि तोवर उशीर झाला होता. टेलिफोनही त्याच जाळ्यावर चालत असल्याने तेही मुके झाले.

संध्याकाळ: न्हावा-शेवा

न्हावा-शेवाच्या जवाहरलाल नेहरू बंदरातलं गेटवे टर्मिनल्स इंडिया हे मर्स्कच्या एपीएम टर्मिनल्सचं आणि कंटेनर कॉर्पोरेशन ऑफ इंडियाचं भागीदारीतलं टर्मिनल. वर्षाला १८ लाख प्रमाणित (वीस फुटी) कंटेनर हाताळण्याची त्याची तेव्हाची क्षमता. अशा यार्डात एकावर एक चढवलेल्या पेट्यांपैकी कोणती पेटी कोणत्या थरात आहे, ती कोणत्या जहाजावर जायची आहे, गेटवर आलेल्या ट्रेलरचा ‘फॉर्म १३’ हा प्रवेशाचा कागद बरोबर आहे का, हे सगळं प्रणालीलाच ठाऊक असतं. क्रेनला काही झालं नव्हतं, चालक हजर होते, जहाजही आलं होतं. पण काय उचलायचं हे सांगणारं कोणी उरलं नव्हतं.

बंदरातली बाकीची टर्मिनलं चालू राहिली.

संध्याकाळी ६.०३

किव्हमधल्या त्या सर्व्हरची रचना पूर्ववत झाली. दार साडेतीन तासांपेक्षाही कमी वेळ उघडं होतं.

२८ जून, रात्री १.१६

ज्या यंत्रावरून हल्ला चालवला, ते हल्लेखोरांनी शून्यांनी भरून पुसून टाकलं.

२८ जून, दिवसभर

भारताच्या जहाज मंत्रालयाने न्हावा-शेवातल्या अडचणीची माहिती दिली. येणारा आणि जाणारा माल तुंबेल, वाहतूकदारांना आणि आसपासच्या रहिवाशांना त्रास होऊ नये म्हणून ट्रेलर उभे करायला जागा दिली जाईल, असं सांगितलं गेलं. टर्मिनलमध्ये हाताने काम रेटण्याचा प्रयत्न सुरू झाला. मर्स्कच्या ७६ टर्मिनलांपैकी १७ ठिकाणी कमीअधिक अशीच स्थिती होती. कर्मचारी व्हॉट्सॲपवरून मालाच्या नोंदी घेत होते.

पुढचे दिवस: मेडनहेड, इंग्लंड

लंडनजवळच्या मेडनहेड गावात उभारणीचं केंद्र सुरू झालं. बाधित जाळ्यातला एकही संगणक वापरायची परवानगी नव्हती, म्हणून दुकानांतून नवे लॅपटॉप विकत आणले गेले. जवळजवळ सगळ्या सर्व्हरांच्या तीन ते सात दिवसांपूर्वीच्या प्रती सापडल्या.

आणि तरीही काम अडलं. सापडेना ती एकाच थराची प्रत: डोमेन कंट्रोलर. जाळ्यात कोण कोण आहे, कोणाला काय उघडता येतं, हे ठरवणारे हे सर्व्हर. तो थर उभा राहिल्याशिवाय बाकीच्या प्रतींचा उपयोग नव्हता. मर्स्ककडे असे सुमारे १५० सर्व्हर जगभर पसरलेले होते आणि ते सतत एकमेकांशी जुळवून घेत. एक पडला तर दुसरा आहे, असा भरवसा. सगळे एकाच वेळी पडतील, हा विचार त्या रचनेत नव्हता. जे एकमेकांना अखंड जोडलेले होते, ते एकत्रच पुसले गेले.

मग घानातल्या कचेरीचा पत्ता लागला. हल्ल्याआधी तिथे वीज गेली होती, त्यामुळे तिथला डोमेन कंट्रोलर जाळ्यापासून तुटलेला आणि म्हणून शाबूत होता. तिथलं इंटरनेट इतकं मंद की काही शे गिगाबाइट पाठवायला कित्येक दिवस लागले असते. घानातल्या कोणाकडे ब्रिटनचा व्हिसा नव्हता. तेव्हा एक कर्मचारी हार्ड डिस्क घेऊन विमानाने नायजेरियाला गेला, विमानतळावर ती सहकाऱ्याच्या हाती दिली, आणि तो साडेसहा तासांचा प्रवास करून लंडनला उतरला.

दहा दिवसांत ४,००० सर्व्हर, ४५,००० संगणक आणि २,५०० प्रणाली नव्याने बसवल्या गेल्याचं अध्यक्ष जिम हागेमान स्नाबे यांनी जानेवारी २०१८मध्ये दावोसला सांगितलं. नुकसान २५ ते ३० कोटी डॉलर. २०२०मध्ये अमेरिकेने रशियाच्या लष्करी गुप्तचर यंत्रणेच्या सहा अधिकाऱ्यांवर या आणि इतर हल्ल्यांसाठी आरोपपत्र ठेवलं.

आपल्यासाठी

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या दाल बाजारातली पेढी, सराफ्यातलं दुकान, एखाद्या मंडळाचं कार्यालय किंवा घरचा लॅपटॉप, हिशेब इथेही तोच आहे. फरक एवढाच की आपल्यामागे मर्स्कसारखं सहाशे माणसांचं पथक नाही. म्हणून संगणक धड चालू असतानाच चार गोष्टी करून ठेवायला हव्यात.

पहिली, ३२ जीबीच्या पेन ड्राइव्हवर रिकव्हरी ड्राइव्ह. त्यात आपल्या फाइली नसतात. बंद पडलेला संगणक बाहेरून चालू करायचं ते साधन आहे आणि ते आधीच बनवून ठेवावं लागतं. दुसरी, बाहेरच्या हार्ड डिस्कवर संपूर्ण प्रणालीची प्रत. घेऊन झाली की वायर काढायची आणि डिस्क वेगळ्या जागी ठेवायची. कायम जोडलेली डिस्क संगणकाबरोबरच मरते. तिसरी, डिस्कला बिटलॉकरचं कुलूप असेल तर त्याची ४८ आकडी किल्ली कागदावर लिहून त्याच संगणकापासून दूर ठेवायची. ती नसेल तर उत्तम प्रत हाताशी असूनही आपली जुनी डिस्क उघडत नाही.

चौथी गोष्ट बहुतेक जण टाळतात: त्या प्रतीवरून एकदा खरोखर परत उभं राहून बघणं. पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू होतो का, डिस्क ओळखली जाते का, कशाआधी काय लागतं, हे शांत दिवशी कळायला हवं. मर्स्कच्या माणसांना ते मेडनहेडला, सगळं बंद असताना कळलं. घानातली वीज गेली नसती तर ती एक प्रतही उरली नसती, आणि अशा योगायोगावर कोणीही आपलं काम सोपवू नये. एका सुटीच्या दुपारी करून बघता येईल इतकंच हे काम आहे. जी प्रत एकदाही परत उतरवून पाहिलेली नाही, तिला बॅकअप म्हणू नये.