विश्रामबागवाड्यातील बायका

लक्ष्मी रस्त्यावर खरेदीला गेलेली पुण्याची बाई विश्रामबागवाड्यावरून गेली नाही असे सहसा होत नाही. हातात पिशव्या, डोक्यात घरच्या कामांची यादी. सुरूच्या झाडासारख्या कोरीव खांबांकडे आणि पुढे आलेल्या सज्जाकडे मान वर करून पाहावयास सवड कुणाला? माझेही पुष्कळ वर्षे असेच झाले. पुढे या वाड्याची हकीकत वाचावयास घेतली. राहणाऱ्या पुरुषांची नावे भराभर सापडली; बायका मात्र शोधाव्या लागल्या.

वाडा बांधला दुसऱ्या बाजीरावाने. काम सहा वर्षे चालले, खर्च दोन लाख रुपये झाला आणि इ. स. १८०७ च्या सुमारास श्रीमंत येथे राहावयास आले. शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झालेला, म्हणून तेथे त्यांचे मन रमत नसे, असे म्हणतात. पण विश्रामही फार लाभला नाही. नोव्हेंबर १८१७ मध्ये खडकीची लढाई झाली, पुणे इंग्रजांच्या हाती गेले आणि बाजीराव पुढे पुढे पळत राहिले.

त्यांची पत्नी वाराणशीबाई त्या वेळी रायगडावर होत्या. इंग्रजांच्या तोफगोळ्यांनी गडावर आग लागली आणि मे १८१८ मध्ये गड पडला. त्यानंतर बाईंना पुण्यास येऊ दिले व काही काळ त्या याच वाड्यात राहिल्या. विचार करा भगिनींनो, घर आपलेच, देवघरही आपलेच, पण दारावर सत्ता परक्यांची! पतीने जूनमध्ये शरणागती पत्करली, सालीना आठ लाखांचे पेन्शन घेतले व ते गंगाकाठी ब्रह्मावर्तास गेले. बाईही मागाहून तिकडेच गेल्या. एवढ्या मोठ्या उलथापालथीत त्यांना काय वाटले असेल, हे कुणी विचारलेले दिसत नाही.

रिकाम्या वाड्यात ६ ऑक्टोबर १८२१ रोजी चॅप्लिनसाहेबाने संस्कृत पाठशाळा उघडली. खर्च पेशव्यांच्या वेळच्या दक्षिणेच्या पैशांतून. वेद, व्याकरण, ज्योतिष, वैद्यक असे विषय. विद्यार्थी फक्त ब्राह्मणांची मुले. मुलींचा प्रश्नच नव्हता. पुढे या पाठशाळेतूनच पूना कॉलेज व मग डेक्कन कॉलेज वाढले, हे मात्र कृतज्ञतेने सांगितले पाहिजे.

आता मला जे मुख्यतः सांगावयाचे ते. वाड्यापासून जवळच, बुधवार पेठेतील भिड्यांच्या वाड्यात, १८४८ साली जोतीराव फुले यांनी मुलींची शाळा काढली. सावित्रीबाई शिकवू लागल्या तेव्हा त्यांचे वय सतरा-अठरा. वाटेत अंगावर शेण-चिखल येई, म्हणून त्या दुसरे लुगडे बरोबर नेत असत, असे सांगतात. सासऱ्यांनी दोघांना घराबाहेर काढले. ती शाळा थोड्याच महिन्यांत बंद पडली. पण १८५१ च्या जुलैत चिपळूणकरांच्या वाड्यात पुन्हा सुरुवात झाली आणि वर्षाच्या आत मुलींच्या तीन शाळा झाल्या. दक्षिणेच्या निधीतून या शाळांनाही मदत मिळू लागली.

१६ नोव्हेंबर १८५२ रोजी विश्रामबागवाड्यात मोठी सभा भरली. मराठी कोशाच्या कामामुळे ठाऊक असलेले मेजर कँडी यांच्या हस्ते जोतीरावांना शाली अर्पण झाल्या. ज्या वाड्यात मुलीला पाटीवर अक्षर काढावयास जागा नव्हती, त्याच वाड्यात मुलींच्या शाळेचा हा गौरव! शाली जोतीरावांच्या खांद्यावर पडल्या, ते योग्यच. पण वर्गात उभे राहून बाराखडी घोटून घेणारी बाई तेव्हा एकवीस वर्षांची होती, हेही त्या सभेचे वर्णन वाचताना माझ्या मनातून जात नाही.

१३ मे १८७९ रोजी वाड्याला आग लागली. त्याच आगीत बुधवारवाडा साफ जळाला. येथे पूर्वेची बाजू गेली व ती लोकवर्गणीने पुन्हा उभी केली. नंतर हायस्कूल आले, नगरपालिकेची कचेरी आली, टपालकचेरी आली. तो इतिहास कचेऱ्यांचाच आहे.

भिडेवाडा मात्र राहिला नाही. दुकानदारांचा दावा सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाल्यावर डिसेंबर २०२३ मध्ये, स्मारकासाठी म्हणून, तो रातोरात पाडला. पडका होता हे खरे. तरी मला हळहळ वाटली.

यंदा मंडळाची सहल लांब नेऊ नये, अशी माझी सूचना आहे. विश्रामबागवाड्यासमोर जमावे, वाडा नीट मान वर करून पाहावा आणि तेथून भिडेवाड्याच्या जागेपर्यंत चालत जावे. अंतर थोडे आहे. गुडघे दुखणाऱ्यांनीही यावे.