अनुशय आणि मौन : क्रेत्याच्या तक्रारीचा कालविचार

झाशीचा किल्ला ओरछ्याचा राजा वीरसिंहदेव याने १६१३ मध्ये बांधला. याच राजाच्या आश्रयाने मित्रमिश्राने ‘वीरमित्रोदय’ हा धर्मनिबंध रचला. किल्ला पुढे मराठ्यांकडे आला आणि नेवाळकरांमुळे मराठी वाङ्मयात स्थिरावला. ग्रंथ मात्र विधिशास्त्राच्या अभ्यासकांपुरता उरला.

मित्रमिश्र ज्या परंपरेत लिहितो, तिच्यात ‘क्रीतानुशय’ हे व्यवहारपद आहे. खरेदीच्या परीक्षणाचा अवधी याज्ञवल्क्य वस्तूच्या प्रकृतीवरून ठरवतो : लोखंडास १ दिवस, दुभत्या जनावरास ३, ओझ्याच्या जनावरास ५, रत्नांस ७ आणि बियाण्यास १० दिवस. दासास अर्धा महिना व दासीस एक महिना, असेही तो सांगतो. माणसाला विक्रेय वस्तूंत बसवणारी ही व्यवस्था होती, हे दृष्टिआड करता येत नाही. नारदाच्या मते पसंत न पडलेली वस्तू त्याच दिवशी परत केल्यास मूल्य पूर्ण मिळते, दुसऱ्या दिवशी तिसावा भाग कापला जातो, तिसऱ्या दिवशी त्याच्या दुप्पट. त्यानंतर वस्तू क्रेत्याचीच.

‘अनुशय’ म्हणजे पश्चात्ताप. काव्यात तो अंतःकरणाचा विषय आहे, व्यवहारात मात्र त्याला मुदत आहे. आधुनिक विधीची परिभाषा निराळी आहे. १९३० च्या भारतीय मालविक्री अधिनियमाच्या कलम ४२ नुसार, नकार न कळवता वाजवी काळापलीकडे माल ठेवून घेणे म्हणजे तो स्वीकारणे होय. येथे पश्चात्तापाची जागा सूचनेने घेतली आणि मौनाला संमतीचा अर्थ प्राप्त झाला.

आंतरराष्ट्रीय मालविक्रीविषयीचा १९८० चा व्हिएन्ना करार याहून काटेकोर आहे. भारत त्यात सहभागी नाही. त्याच्या कलम ३९ प्रमाणे दोषाचे स्वरूप वाजवी काळात कळवावे लागते. माल हाती आल्यापासून २ वर्षे ही कमाल मर्यादा होय. स्मृतीत दिवस खरेदीपासून मोजले जातात, करारात दोष कळला किंवा कळायला हवा होता तेव्हापासून. परंतु ‘कळायला हवा होता’ हे ठरवताना सर्व क्रेत्यांची साधने सारखी धरता येतात काय? विकसनशील देशांच्या आग्रहामुळे कलम ४४ आले. वाजवी सबब असलेल्या क्रेत्याला त्याने किंमत कमी करून घेण्याची व बुडालेला नफा वगळून भरपाई मागण्याची मुभा दिली.

स्मृतीने अवधी वस्तूच्या स्वभावावरून ठरवला. कलम ४४ ने क्रेत्याची परिस्थितीही विचारात घेतली. मौनाचा अर्थ लावताना मौन बाळगणारा कोण, हे पाहावे लागते, ही जाणीव तिच्यात नोंदली गेली आहे.