प्रवाशाची पेटी

प्रवासाचा इतिहास लिहिणारे लेखक बहुधा रस्त्यांचा, पुलांचा, आगगाड्यांचा आणि जहाजांचा इतिहास लिहितात. प्रवासी बरोबर काय घेऊन निघाला, ते त्याने कशात बांधले आणि ते कोणी उचलले, या गोष्टी त्यांस क्षुल्लक वाटतात. वास्तविक पाहता, एखाद्या काळी माणसे कशी प्रवास करीत हे जाणावयाचे असेल तर त्यांच्या सामानाकडे पाहावे. वाहन बदलले की सामानाचे रूप बदलते, आणि ओझे उचलणारा बदलला की ते सर्वांत अधिक बदलते. प्रस्तुत लेखाचा विषय एवढाच आहे.

या विषयाकडे माझे लक्ष वळण्याचे कारण घरगुती आहे, आणि त्यात चूक माझी आहे. आमचे मूळ गाव वाशीम जिल्ह्याच्या रिसोड तालुक्यातील रिठद. तेथे माझ्या मातोश्री आणि धाकटे बंधू राहतात. बंधूंची कन्या गेल्या वर्षी बंगळूरास नोकरीवर रुजू व्हावयास निघाली. रिठदच्या त्या घरातून विमानाने जाणारी ती पहिलीच. तिकीट अर्थातच स्वस्त विमानाचे आणि त्यातही केवळ हातातील सामानाचे होते. "काका, बॅग कोणती घेऊ?" असे तिने मला विचारले. मी इतिहासाचा प्राध्यापक. सल्ला देण्याची सवय अंगी मुरलेली. दुकानात जाऊन मी टणक कवचाची एक भक्कम पेटी पसंत केली. तिच्यावर मूठ आपटून पाहिली, कोपरे दाबून पाहिले, कुलूप चारदा लावून काढले. तिचे वजन मात्र पाहिले नाही.

नागपूरच्या विमानतळावर काट्याने नऊ किलोंहून अधिक आकडा दाखविला. मर्यादा सात किलोंची होती, आणि रिकामी पेटीच साडेतीन किलो भरत होती! जास्तीच्या वजनाचे पैसे भर, मी देतो, असे मी फोनवरून सांगितले. पण पहिला पगारही हाती न पडलेल्या त्या मुलीस ते रुचले नाही. दारावरील जवानाची परवानगी काढून ती परत आली आणि आजीने दिलेली तुरीच्या डाळीची अडीच किलोंची पिशवी तिने माझ्या हाती ठेवली. ती डाळ रिठदास परत गेली. मातोश्रींनी काही एक न बोलता ती डब्यात ओतली. त्या न बोलण्यामुळे मला हा लेख लिहावा लागला.

आमच्या भागात ओझ्याचा इतिहास फार जुना आहे. बंजारा समाजाचे श्रेष्ठ तीर्थ पोहरादेवी हे याच जिल्ह्यात आहे. आगगाडी येण्यापूर्वी बैलांचे तांडे घेऊन मीठ आणि धान्य देशभर वाहून नेणारे लोक ते हेच. मोगलांच्या सैन्यासही रसद त्यांनीच पुरविली. त्यांची पेटी म्हणजे गोणी. बैलाच्या पाठीवर दोहों बाजूंस सारख्या वजनाच्या दोन गोण्या लोंबत. तेथे टणक पेटी निरुपयोगी. तिचा कोपरा बैलाच्या बरगडीस लागावयाचा. घोडेस्वाराची खुर्जी आणि पायी जाणाऱ्याची खांद्यावरील पडशी यांचीही रचना तशीच, दोन तोंडांची व मऊ. जनावराची पाठ आणि माणसाचा खांदा यांनी सामानास मऊपणा शिकविला होता.

विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास' पुष्कळ वाचकांच्या परिचयाचा असेल. १८५७ साली चुलत्यांबरोबर वरसईहून उत्तरेस निघालेला हा गरीब भिक्षुक ऐन बंडाच्या धुमाळीत सापडला. वाटेत तो लुटला गेला. कमावलेले द्रव्य हातचे गेले. तथापि आईबापांकरिता गंगेचे पाणी कावडीने घरी आणण्याचा संकल्प त्याने सोडला नाही. प्रवाशाच्या सामानात दोन भाग असतात, हे या वृत्तांतावरून चांगले कळते: एक त्याच्या स्वतःच्या गरजेचा, दुसरा आप्तांच्या मायेचा. पहिला भाग लुटला गेला तरी माणूस चालत राहतो. दुसऱ्यासाठी तो जिवाचे रान करतो.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यास आगगाडी गेली; १८६७ साली भुसावळ, अकोला, बडनेरा या वाटेने ती नागपुरास पोहोचली आणि वऱ्हाडातील तांड्यांचा धंदा बसत गेला. आगगाडीने सामानास चौकोनी केले. गोणीवर गोणी रचली तर ती घसरते. सपाट पेटीवर दुसरी पेटी नीट बसते. युरोपात हा पालट त्याच सुमारास झाला. पूर्वीच्या पेटाऱ्यांची झाकणे पावसाचे पाणी निथळावे म्हणून घुमटाकार असत. पॅरिसच्या लुई व्हितों या कारागिराने १८५८ साली सपाट झाकणाची पेटी काढली, ती एकावर एक रचता येत असे. आपल्याकडे सपाटपणाचे हे काम पत्र्याच्या ट्रंकेने केले.

ट्रंक जड असली तरी कोणाचे बिघडत नसे. ती उचलण्यास स्थानकावर हमाल होता, बसच्या टपावर चढविण्यास पोरे होती. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर एस्. टी. सुरू झाली आणि पुढे ती खेडोपाडी पोहोचली, तेव्हा टपावरील दोरखंडाखाली नववधूच्या ट्रंका, वळकट्या आणि धान्याची बोचकी एकत्र नांदू लागली. माझ्या मातोश्री ज्या ट्रंकेसह सासरी आल्या ती ट्रंक रिठदच्या माजघरात अद्याप आहे. तिचे एक कोपरे चेपलेले आहे. एवढाच काय तो तिच्या प्रवासाचा लेख.

या युगात पेटीची परीक्षा एकच: ती फुटते की नाही? पेटीवाल्यांनीही तिचेच कौतुक केले. व्हल्कनाइज्ड फायबरच्या पेट्या करणाऱ्या ग्लोब-ट्रॉटरने १९१२ साली हांबुर्गच्या प्राणिसंग्रहालयातील हत्तीचा पाय आपल्या पेटीवर ठेवविला. अमेरिकेत डेन्व्हर येथे १९१० साली धंदा काढणाऱ्या श्वायडर कुटुंबातील पाच धिप्पाड पुरुष पेटीवर फळी टाकून तीवर उभे राहिले आणि त्यांनी आपले छायाचित्र काढविले. बायबलातील बलाढ्य सॅमसनच्या नावावरून त्यांच्या पेटीस पुढे सॅमसोनाइट हे नाव पडले. दुकानात मूठ आपटताना मी नकळत याच परंपरेस अनुसरत होतो.

पत्र्याची सद्दी आपल्याकडे प्लास्टिकने संपविली. १९७१ च्या सुमारास व्ही. आय. पी. हे नाव बाजारात आले आणि नाशिकच्या कारखान्यातून साच्यात घातलेल्या सुटकेसी निघू लागल्या. पुढे सॅमसोनाइटचाही कारखाना त्याच जिल्ह्यात गोंदे येथे उभा राहिला. लग्नाच्या रुखवतात ट्रंकेच्या जागी सुटकेस मांडली जाऊ लागली. पेटी हलकी झाली, परंतु ती उचलावयाची कोणी हा प्रश्न पूर्वीसारखाच होता. श्रीमंताने हमाल करावा, इतरांनी हात दुखवून घ्यावे.

पेटीस चाके लावण्याची कल्पना इतक्या उशिरा का सुचावी, याचे पुष्कळांस नवल वाटते. बर्नार्ड सॅडो या अमेरिकन गृहस्थास विमानतळावर दोन जड पेट्या ओढताना ही युक्ती सुचली ती १९७० साली, आणि तिचे पेटंट १९७२ साली मिळाले. दुकानदारांनी ती प्रथम नाकारली. पुरुषमाणूस पेटी ओढत नेणार नाही असे त्यांस वाटे. १९८७ साली रॉबर्ट प्लाथ या वैमानिकाने पेटी उभी करून तिला दोन चाके व लांब दांडा लावला, तेव्हा आजच्या केबिन-पेटीचा जन्म झाला. माझ्या मते या विलंबात नवल नाही. जोवर हमाल स्वस्त होता तोवर चाकाची गरज कोणास भासली नाही. विमानतळ विस्तारले, हमाल दिसेनासा झाला आणि प्रवासी स्वतःच आपला हमाल झाला. मग चाक आले.

या पालटास शेवटचे वळण स्वस्त विमानांनी दिले. आपल्या देशात कॅप्टन गोपीनाथ यांच्या एअर डेक्कनने २००३ साली या युगास आरंभ केला. २००५ साली स्पाइसजेट आणि २००६ साली इंडिगो यांची विमाने उडू लागली. भाडे कमी करावयाचे तर भाड्यातील एकेक सोय सुटी करून तिचे वेगळे मोल घ्यावयाचे, हे या धंद्याचे गमक. प्रथम जेवण सुटे झाले, मग आसनाची निवड, मग सामान. युरोपात रायनएअरने २००६ पासून विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानाचे पैसे घेण्यास प्रारंभ केला. आपल्याकडे २०२१ च्या फेब्रुवारीत, असे सामान न नेणाऱ्यास भाड्यात सूट देण्याची मोकळीक नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने कंपन्यांना दिली. परिणाम व्हावयाचा तोच झाला. पोटातील सामान डोक्यावरच्या कप्प्यात आले, कप्पा अपुरा पडला आणि दाराशी काटा व मापाची चौकट येऊन उभी राहिली.

आगगाडीशी ताडून पाहा. आपली रेल्वे शयनयान वर्गात ४० किलो सामान फुकट नेऊ देते. पेटीचे माप १०० × ६० × २५ सें.मी. पर्यंत चालते. इंडिगोच्या विमानात हातातील पेटी ७ किलोंची, आणि लांबी, रुंदी व उंची यांची बेरीज ११५ सें.मी. हून अधिक नको. चाळिसांवरून आपण सातांवर आलो आहो. चाळीस किलोंत पेटीचे साडेतीन किलो कोणाच्या ध्यानात येत नाहीत. सात किलोंत ते निम्मे होतात. माझी चूक ती हीच. आगगाडीच्या युगाची कसोटी मी विमानाच्या पेटीस लावली. जी पेटी आपल्या डोळ्यांसमोर, डोक्यावरच्या कप्प्यात राहावयाची, तिच्यावर हत्ती कोठून उभा राहणार?

तेव्हा ज्यांच्या घरातून मुलेबाळे अशा प्रवासास निघत असतील त्यांस अनुभवाचे चार शब्द सांगतो. पहिली गोष्ट वजनाची. रिकामी पेटी सव्वादोन किलोंच्या आत असावी. अडीच किलोंवर गेली तर ती ठेवून द्यावी. दुसरी गोष्ट मापाची. विकणारे पुष्कळदा नुसत्या कवचाचे माप सांगतात. चौकट मात्र चाके आणि मूठ धरून मोजते. मऊ पिशवी चौकटीत दाबून बसविता येते, टणक कवचास तसूभरही दबता येत नाही; म्हणून टेप घेऊनच दुकानात जावे. तिसरी गोष्ट द्रव्याची. ए. बी. एस. हे प्लास्टिक स्वस्त आणि ताठ, पण धक्क्याने तडकणारे. पॉलिकार्बोनेटचा शोध जर्मनीत बायर कंपनीच्या हर्मान श्नेल यांनी १९५३ साली लावला आणि २००० साली कोलोनच्या रिमोवाने त्याची पेटी काढली; ते वाकते आणि पुन्हा पूर्ववत होते, परंतु महाग पडते. पॉलिप्रॉपिलीन हलके व लवचीक. मध्यम ऐपतीच्या कुटुंबास ते पुरेसे आहे. चौथी गोष्ट चाकांची. चार चाके गुळगुळीत फरशीवर सुखाची खरी, पण खेड्यातील रस्त्यावर ती खड्यांत अडकतात आणि बाहेर आल्यामुळे मापही खातात. मोठी, आत बसविलेली दोन चाके आमच्याकडच्या रस्त्यास अधिक मानवतात. आणखी एक: कप्पे भरले म्हणजे दाराशी पेटी काढून घेऊन ती पोटात टाकतात. त्या वेळी पॉवर बँक पेटीतून काढून जवळ ठेवावी. ती पोटातील सामानात चालत नाही.

मग टणक पेटी घ्यावीच कशाला, असे कोणी विचारील. ज्यास केवळ कपडे न्यावयाचे त्याने मऊ पिशवी खुशाल घ्यावी. वजनाच्या हिशेबात तीच सरस ठरते. परंतु ज्याच्या सामानात संगणक आहे, चष्मा आहे, फराळाचा डबा आहे, आणि पावसाळ्यात ज्यास उघड्यावरून चालत विमानाच्या शिडीपर्यंत जावयाचे आहे, त्यास हलके टणक कवच उपयोगी पडते. मजबुतीचे मोल गेलेले नाही; तिला वजनाची मर्यादा पडली आहे एवढेच.

गोडसे भटजींच्या सामानाचे जे दोन भाग वर सांगितले, त्यांपैकी नव्या व्यवस्थेत पहिला कोणता कापला जातो? कपडे काढता येत नाहीत, संगणक काढता येत नाही. काढली जाते ती डाळ. बंगळूरास डाळ मिळत नाही असे थोडेच आहे! काट्यास हा भेद कळत नाही, आणि तो कळावा अशी अपेक्षाही करू नये. स्वस्त भाड्यामुळेच आमच्या घरची मुलगी विमानात बसू शकली, हे विसरून चालणार नाही. पण पेटी निवडणाऱ्या वडीलधाऱ्यास तो कळावयास हवा होता. रिकाम्या पेटीतील प्रत्येक वाचलेला शेर हा त्या दुसऱ्या भागाच्या वाट्यास येतो.

यंदाच्या दिवाळीस मुलगी घरी आली, तेव्हा मी तिच्यासाठी दुसरी पेटी आणली होती. पॉलिप्रॉपिलीनची, रिकामी सव्वादोन किलोंची. या खेपेस मूठ आपटली नाही. दुकानदाराकडून काटा मागून घेतला. निघण्याच्या आदल्या रात्री रिठदास माजघरात पेटी भरणे चालले होते. कपडे व इतर वस्तू मिळून साडेतीन किलो झाले. मातोश्री ट्रंकेवर बसून पाहत होत्या. "आता किती उरलं?" त्यांनी विचारले. "सव्वा किलो," मी म्हणालो. त्या उठल्या, डब्यातून मापाने डाळ काढली, पिशवीचे तोंड सुतळीने बांधले आणि पिशवी स्वतःच्या हाताने पेटीत ठेवली. पेटी बंद झाल्यावर त्यांनी ती एका हाताने उचलून पाहिली आणि म्हणाल्या, "ही बरी आहे."