बॉर्नहोमचे दुखणे

बॉर्नहोम हे बाल्टिक समुद्रातले डेन्मार्कचे बेट, पण ते डेन्मार्कच्या मुख्य भूमीपेक्षा स्वीडनच्या किनाऱ्याला अधिक जवळ आहे. वैद्यकाच्या पुस्तकांत त्याचे नाव टिकले ते एका दुखण्यामुळे. ताप येतो आणि त्याच्यासोबत बरगड्यांच्या खालच्या भागात किंवा पोटाच्या वरच्या बाजूला अचानक जोराची कळ उठते. श्वास अर्ध्यावर अडतो. खोकणे, शिंकणे, कुशीवर वळणे, सगळेच नकोसे होते. कळ काही मिनिटे राहते, ओसरते, पुन्हा उठते. मराठीत ‘चमक भरली’, ‘उसण भरली’ म्हणतात, तसेच हे दुखणे वाटते. फरक असा की ही चमक एकट्यादुकट्याला भरत नाही, एकाच घरातल्या माणसांना पाठोपाठ गाठते.

हा फरक सर्वप्रथम ध्यानात आला तो खेड्यापाड्यांत हिंडणाऱ्या डॉक्टरांच्या. आइसलंडमध्ये सरकारी वैद्य असलेल्या योन फिन्सेन यांनी 1856 मध्ये अशी साथ पाहिली आणि 1874 मध्ये तिची हकीकत प्रसिद्ध केली. दरम्यान, 1872 मध्ये नॉर्वेच्या दक्षिण भागातून दाए आणि होमान या दोन डॉक्टरांची टिपणे छापून आली होती. बाम्ब्ले या गावावरून तिकडे या दुखण्याला ‘बाम्ब्ले रोग’ म्हणू लागले. शेजारच्या द्रांगेदालमधली साथ नोंदवताना दाए यांनी दोन गोष्टी शीर्षकातच सांगितल्या होत्या: हा स्नायूंचा विकार आहे आणि तो संसर्गाने पसरतो. जंतूंमुळे रोग होतात ही कल्पनाच अजून वादात होती, हे लक्षात घेतले तर या शीर्षकाचे मोल कळते.

त्या काळी छातीतल्या अशा कळेचा पहिला संशय फुप्फुसाच्या आवरणाच्या सुजेवर जाई आणि त्यामागे बऱ्याचदा क्षयाची भीती उभी असे. एक्स-रेचा शोध 1895 मधला. त्याआधी छातीला कान लावणे, बोटांनी ठोकून पाहणे आणि रोग्याचे बोलणे ऐकणे, यांवरच मुख्यतः भिस्त असे. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातील शार्लट्सव्हिल येथे 1888 च्या उन्हाळ्यात साथ आली, तेव्हा डॅब्नी यांनी तिचे वर्णन केले. तिकडच्या लोकांनी या दुखण्याला ‘सैतानाची पकड’ म्हटले. रोग्याच्या अनुभवाला इतके नेमके नाव कुठल्याही पाठ्यपुस्तकाने दिलेले नाही.

1930 च्या उन्हाळ्यात कोपनहेगनचे डॉक्टर आयनार सिल्व्हेस्ट बॉर्नहोमला होते. तेथे त्यांनी या दुखण्याची साथ जवळून पाहिली आणि त्याच वर्षी तिच्यावर लिहिले. पुढे 1933 मध्ये या विषयावर त्यांचा प्रबंध आला आणि 1934 मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर झाले. मूळ दुखणे छातीच्या भिंतीतल्या स्नायूंचे आहे, फुप्फुसाच्या आवरणाचे नव्हे, असे त्यांचे म्हणणे होते. रोग त्या बेटाचा नव्हता, नॉर्वे आणि आइसलंडमध्ये तो आधीच येऊन गेला होता. तरी नाव बॉर्नहोमचेच रूढ झाले. 1933 मध्येच यॉर्कशरच्या वेन्स्लीडेल खोऱ्यातले डॉक्टर विल्यम पिकल्स यांनी आपल्या भागातली साथ नोंदवली. कोणाला कोणाकडून लागण झाली याच्या दिवसागणिक नोंदी पिकल्स ठेवत. आपल्या रोग्यांना घरोघरी ओळखणाऱ्या माणसालाच साथीची अशी वाट धुंडाळता येते.

कारण मात्र सापडले ते दुसऱ्याच रोगाच्या शोधात. न्यूयॉर्क राज्यात हडसन नदीकाठी कॉक्सॅकी नावाचे गाव आहे. तिथल्या दोन मुलांना पोलिओसारखा लुळेपणा आला होता. गिल्बर्ट डॉलडॉर्फ आणि ग्रेस सिकल्स यांनी त्यांच्या विष्ठेतला अंश उंदराच्या तान्ह्या पिलांना टोचला आणि पिले आजारी पडली. मोठे उंदीर या विषाणूला सहसा बळी पडत नाहीत. पिले निवडली म्हणूनच तो हाती लागला. हा शोध 1948 मध्ये प्रसिद्ध झाला आणि विषाणूला गावाचे नाव मिळाले. थोड्याच काळात त्याचे ‘ए’ आणि ‘बी’ असे गट पडले. बॉस्टनमध्ये आलेल्या याच दुखण्याच्या साथीतील रोग्यांपासून थॉमस वेलर, जॉन एंडर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विषाणू वेगळे काढले, आणि बॉर्नहोमच्या दुखण्यामागे मुख्यतः ‘बी’ गट असतो हे स्पष्ट होत गेले.

बॉर्नहोमच्या दुखण्याशी गल्लत होऊ शकेल असे छातीच्या भिंतीचे दुसरे एक दुखणे सर्जन अलेक्झांडर टीट्से यांनी 1921 मध्ये ब्रेस्लाऊ, म्हणजे आजच्या व्रोत्स्वाफ शहरात 4 रोग्यांवरून वर्णिले. त्यात बरगडी आणि छातीचे मधले हाड यांना जोडणारी कूर्चा सुजते, बोटाला फुगवटा लागतो. फुगवटा नसताना तिथेच दुखत असेल, तर त्याचे निदान वेगळे होते. श्वसनमार्गाच्या संसर्गानंतर, विशेषतः खूप खोकल्यानंतर, असे दुखणे मागे राहिलेले दिसते.

बॉर्नहोमचे दुखणे बहुधा काही दिवसांत जाते. विश्रांती आणि वेदनाशामके पुरतात. पण हाच विषाणू क्वचित हृदयाच्या स्नायूला किंवा मेंदूच्या आवरणाला सूज आणतो. त्यामुळे छातीत पहिल्यांदाच कळ आली, तर ‘उसण भरली असेल’ म्हणून घरी न थांबता डॉक्टरांकडून हृदय आणि फुप्फुस तपासून घ्यावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत हा रोग बी 33.0 या क्रमांकाखाली आहे. तिथले त्याचे मुख्य नाव ‘साथीची स्नायुवेदना’ असे आहे. स्नायू आणि संसर्ग, दाए यांनी 1872 मध्ये जोडलेल्या दोन्ही गोष्टी त्यात आहेत.