लढाई चार दिवसांची, आयुष्य शहात्तर वर्षांचं

लष्करी इतिहासावर पीएचडी करायची म्हटलं की आपण आधी लढाई निवडतो. तिला तारीख असते, नकाशा असतो, गौरवपत्र असतं. पण सैनिक त्या लढाईआधीही जगलेला असतो आणि वाचला तर नंतरही जगतो. आज त्या ‘नंतर’बद्दल बोलू. संशोधन प्रस्तावात बहुतेकांचा हाच भाग कोरा राहतो. माझाही राहिला होता.

रामा राघोबा राणे यांचंच उदाहरण घ्या. जन्म २६ जून १९१८, कारवारजवळच्या चेंडिये गावचा. १९४० मध्ये ते बॉम्बे सॅपर्समध्ये भरती झाले, ज्यांचं केंद्र आपल्या खडकीत आहे. ब्रह्मदेशात जपान्यांविरुद्ध लढून ते परतले आणि डिसेंबर १९४७ मध्ये अधिकारी झाले. पुढच्याच एप्रिलमध्ये नौशेरा ते राजौरी रस्त्यावरचे सुरुंग आणि अडथळे त्यांच्या तुकडीने गोळीबारात काढले. राणे स्वतः जखमी होते, तरी काम थांबलं नाही. रणगाडे पुढे सरकले ते त्यांनी मोकळ्या केलेल्या वाटेने. परमवीर चक्र हयातीत मिळवणाऱ्या मोजक्या सैनिकांपैकी ते एक.

गौरवपत्रातले दिवस किती? ८ ते ११ एप्रिल १९४८, म्हणजे चार. राणे पुण्यात वारले ११ जुलै १९९४ रोजी, वयाच्या ७६ व्या वर्षी. मधली ४६ वर्षं नोकरी, संसार, मुलंबाळं यांत गेली. कोणतंही पुस्तक उघडा, चार दिवसांना चार पानं मिळतात आणि ४६ वर्षांना दोन ओळी. एवढ्या मोठ्या माणसाची ही गत, तर साध्या हवालदाराचं काय?

यामागे कागदपत्रांचा स्वभाव आहे, तो नीट समजून घ्या. दुसऱ्या महायुद्धात भारतीय सैन्य साधारण २ लाखांवरून २५ लाखांवर गेलं. सुमारे ८७ हजार जण मेले. राष्ट्रकुल युद्धस्मारक आयोग या मृतांची नोंद ठेवतो आणि ती नावानिशी शोधता येते. जे परत आले, त्यांच्यासाठी अशी यादी नाही. म्हणजे मेलेला सैनिक अभिलेखात सापडतो आणि जगलेला हरवतो. आपण सापडेल त्यावरच लिहीत गेलो, तर आपलं लेखनही त्याच बाजूला झुकतं.

मग जगलेला सैनिक शोधायचा कुठे? मला तो बिबवेवाडीत, आमच्याच इमारतीत सापडला. ऐंशी पार केलेले निवृत्त हवालदार. आम्ही सगळे त्यांना आजोबाच म्हणतो. इमारत पुनर्विकासाला जाणार म्हणून घराघरातून सामान निघत होतं आणि त्यांची लोखंडी पेटी जिन्यात, रद्दीच्या ढिगाशेजारी ठेवलेली होती. मी विचारलं, “आजोबा, बघू का?” ते म्हणाले, “बघ की. त्यात काय आहे, कागदं आहेत नुसती.”

त्या ‘नुसत्या’ कागदांत डिस्चार्ज बुक होतं, पेन्शनचा पीपीओ होता आणि पार्ट टू ऑर्डरच्या पिवळ्या पडलेल्या नकला होत्या. हा शेवटचा शब्द लिहून ठेवा. जवानाचं लग्न झालं, मूल झालं, की त्याची अधिकृत नोंद या आदेशातून होते, कारण पुढे कुटुंबाचे हक्क त्यावर ठरतात. एकोणीस-वीस वर्षांचा संसार लष्करी भाषेत लिहिलेला माझ्या हातात होता.

आणि तिथेच मी चुकले. थोरल्या मुलीच्या नोंदीच्या आदेशावर मार्च १९७२ ची तारीख होती. मी तीच जन्मतारीख म्हणून वहीत उतरवली. आतून आजी म्हणाल्या, “अगं, मार्चात ती पालथी पडायला लागली होती! ती झाली डिसेंबरात, लढाई चालू असताना. हे रजेवर आले तेव्हा पहिल्यांदा बघितली यांनी तिला. जाताना दाखला घेऊन गेले.” आजोबा काहीच बोलले नाहीत. त्यांनी तो कागद माझ्या हातून घेतला आणि बराच वेळ बघत बसले.

आदेशाची तारीख ही घटनेची तारीख नसते, हा पहिला धडा. पण त्या ‘चुकीच्या’ तारखेनेच मला सांगितलं की बाप घरी केव्हा येऊन गेला. कागद आणि आठवण जुळत नसतील तर लगेच एकाला खोटं ठरवू नका. मधल्या अंतरात काय घडलं ते विचारा.

दुसरा धडा मुलाखतीचा. पहिल्या भेटीत मी युद्धाबद्दल विचारलं, तर दहा मिनिटांत संपलं. दुसऱ्या वेळी विचारलं, “रजा किती मिळायची? मनीऑर्डर कुणाच्या नावाने पाठवायचात?” तीन तास गेले. युद्धाचं उत्तर पाठ झालेलं असतं, रजेबद्दल आजवर कुणी विचारलेलंच नसतं. आणि मुलाखतीला घरच्या बाईला शेजारी बसवा. तारखा तिच्याकडे असतात.

तिसरी गोष्ट शिस्तीची. लेखी परवानगी घ्या, मूळ कागद घरीच राहू द्या, फक्त प्रत काढा. सेवाक्रमांक, पेन्शनचे तपशील कुठेही छापू नका.

दर नोव्हेंबरात आजोबा हयातीचा दाखला देतात. युद्धाचे कागद मेलेल्यांची मोजदाद ठेवतात. पेन्शनचे कागद मात्र दरवर्षी विचारतात, “तुम्ही अजून आहात ना?” तोच प्रश्न आपण संशोधकांनीही विचारायला हवा, आणि लवकर. आमच्या इमारतीतली पेटी वाचली. तुमच्या इमारतीच्या जिन्यात काय ठेवलंय, आज घरी जाताना एकदा बघा.