आगमनकाळ : अंतःकरणाची तयारी

नाताळापूर्वीचे चार रविवार ज्यात येतात तो ख्रिस्ती उपासनावर्षाचा पहिला काळ म्हणजे आगमनकाळ. पाश्चात्त्य परंपरेत ३० नोव्हेंबर या प्रेषित आंद्रियाच्या सणाला सर्वांत जवळ असलेल्या रविवारी तो सुरू होतो आणि २४ डिसेंबरच्या सायंकाळी संपतो. त्यामुळे पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान येतो व काळाची लांबी २२ ते २८ दिवसांची असते. जांभळी वस्त्रे, चार मेणबत्त्यांचे चक्र आणि यशया संदेष्ट्याची वाचने या त्याच्या ठळक खुणा. या सगळ्यांमागचा हेतू मात्र एकच आहे : येणाऱ्या प्रभूसाठी माणसाने आपले अंतःकरण मोकळे करावे.

या काळाचा उगम गॉल आणि स्पेन या प्रदेशांत सापडतो. ३८० साली सारागोसा येथे भरलेल्या धर्मसभेने १७ डिसेंबर ते ६ जानेवारी या दिवसांत कोणीही चर्चला गैरहजर राहू नये, असा नियम केला. पाचव्या शतकात तूर्सचे बिशप पर्पेच्युअस यांनी ११ नोव्हेंबरच्या संत मार्टिनच्या सणापासून नाताळापर्यंत आठवड्यातून तीन दिवस उपवास ठरवून दिले. रोममध्ये हा काळ पुढे चार रविवारांवर स्थिरावला. मिलानच्या आंब्रोजी परंपरेत तो आजही सहा आठवड्यांचा असतो, तर ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये १५ नोव्हेंबरपासून चाळीस दिवस उपवास पाळतात.

पश्चिमेकडे उपवासाचा कडकपणा ओसरला तरी संयम राहिला. कॅथलिक मिस्सामध्ये रविवारीही ‘ग्लोरिया’ गात नाहीत, ‘आलेलुया’ मात्र कायम असतो. पुनरुत्थानाच्या सणाआधीच्या प्रायश्चित्तकाळात आलेलुयादेखील थांबतो. आगमनकाळाचा सूर वेगळा कसा, हे या एका फरकावरून कळते. इथे पश्चात्ताप आहे आणि त्याच श्वासात आनंदही आहे. तिसऱ्या रविवारी जांभळ्याऐवजी गुलाबी वस्त्रे वापरण्याची मुभा आहे, ती याच आनंदासाठी.

१६ डिसेंबरपर्यंतच्या प्रार्थना ख्रिस्ताच्या काळाच्या अंती होणाऱ्या आगमनाकडे पाहतात. १७ तारखेपासून लक्ष बेथलेहेमकडे वळते. १७ ते २३ डिसेंबर या सात सायंकाळी मरियेच्या स्तोत्राबरोबर एकेक प्राचीन साद घातली जाते. त्यांतून येणाऱ्याला ज्ञान, दाविदाची किल्ली, उगवता प्रकाश, इम्मानुएल अशा नावांनी हाक मारतात.

पहिले आगमन होऊन गेले आणि शेवटचे व्हायचे आहे, तर मग आज भक्ताने नेमके काय करायचे? बाराव्या शतकातील क्लेर्वोचे मठाधिपती संत बर्नार्ड यांनी आपल्या प्रवचनांत या दोहोंच्या मधले तिसरे आगमन सांगितले. पहिल्यात ख्रिस्त देहाच्या दुर्बलतेत आला, शेवटच्यात तो वैभवाने येईल, आणि मधल्यात तो गुप्तपणे माणसाच्या अंतरंगात येतो. पहिले आगमन गव्हाणीजवळच्या मोजक्या लोकांनी पाहिले. मधले मात्र प्रत्येक पिढीच्या वाट्याला येते. आगमनकाळाच्या आध्यात्मिक तयारीविषयी पुढे जे लिहिले गेले, त्यातील पुष्कळसे या एका विचाराभोवती फिरते.

अंतःकरणाची तयारी म्हटले की मनाची एखादी शांत, हळवी अवस्था डोळ्यांसमोर येते. शुभवर्तमान मात्र तिथे थांबू देत नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या रविवारी बाप्तिस्मा करणारा योहान भेटतो. लूकच्या तिसऱ्या अध्यायात लोक त्याला सरळ विचारतात, आम्ही काय करावे? त्याचे उत्तर व्यवहारातले आहे. ज्याच्याकडे दोन अंगरखे आहेत त्याने एक नसणाऱ्याला द्यावा, अन्नाचेही तसेच करावे. जकातदारांनी ठरल्यापेक्षा जास्त वसूल करू नये. शिपायांनी कोणाला धमकावून पैसा उकळू नये, पगारात समाधान मानावे. योहान कोणालाही काम सोडून रानात यायला सांगत नाही. आहे त्याच जागी, त्याच हातांनी वाट सरळ करायची आहे. त्याने मागितलेला पश्चात्ताप पैशाच्या पिशवीपर्यंत आणि जेवणाच्या ताटापर्यंत पोचतो. म्हणून पापनिवेदन, प्रार्थना आणि दानधर्म या तीन गोष्टी या काळात एकमेकींपासून तोडता येत नाहीत.

मेणबत्त्यांच्या चक्राची कथाही याच अंगाने वाचायला हवी. हॅम्बुर्गमधील लूथरन धर्मसेवक योहान हिन्रिख विखर्न यांनी १८३३ मध्ये निराधार मुलांसाठी ‘राउहेस हाउस’ ही संस्था सुरू केली. नाताळ कधी येणार, असे मुले सारखी विचारत. १८३९ मध्ये त्यांनी लाकडी चक्रावर रविवारांसाठी चार मोठ्या पांढऱ्या आणि इतर दिवसांसाठी वीस लहान लाल मेणबत्त्या लावल्या आणि रोज एक पेटवली. त्या वर्षी १ डिसेंबरला रविवार होता, त्यामुळे हिशेब बरोबर चोविसांचा झाला. पुढे त्या चारच उरल्या आणि विसाव्या शतकात ही प्रथा कॅथलिक चर्चमध्येही रुजली. आज घरोघरी दिसणारे हे चक्र मुळात ज्यांना घर नव्हते अशा मुलांसाठी केले होते, हे विसरता कामा नये.

या काळाचा सर्वांत खोल अर्थ विसाव्या शतकात बर्लिनच्या टेगेल तुरुंगात उमटला. नाझी राजवटीने अटक केलेले लूथरन धर्मपंडित डिट्रिख बोनहोफर यांनी नोव्हेंबर १९४३ मध्ये मित्राला लिहिले, की तुरुंगाची कोठडी आगमनकाळासारखीच आहे. माणूस आत वाट पाहतो, आशा करतो आणि दार बाहेरूनच उघडावे लागते. वर्षभराने त्याच तुरुंगात येशूसंघीय फादर आल्फ्रेड डेल्प यांनी बेड्या घातलेल्या हातांनी आगमनकाळावर चिंतने लिहिली. हा काळ माणसाला हलवून जागे करतो, असे त्यांचे म्हणणे. २ फेब्रुवारी १९४५ रोजी डेल्प यांना फाशी झाली, ९ एप्रिलला बोनहोफर यांना. तयारी म्हणजे सर्व काही आपल्या हाती असणे, ही समजूत या दोघांच्या लेखनापुढे टिकत नाही.

मराठी भाषेत ही प्रतीक्षा फार पूर्वीच अवतरली. इंग्लंडमधून गोव्यात आलेले येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राचोल येथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाचे दोन भाग आहेत. जगाच्या उत्पत्तीपासून तारणाऱ्याच्या अभिवचनापर्यंतचा जुना करार ‘पैलें पुराण’ सांगते, येशूचे चरित्र ‘दुसरें पुराण’ सांगते. पहिल्या भागाचे छत्तीस अध्याय म्हणजे एका अर्थी ओवीतला दीर्घ आगमनकाळच आहे. कथा ऐकणाऱ्याला तारणाऱ्यापर्यंत पोचण्यासाठी आदामापासूनची सगळी वाट चालावी लागते, आणि स्टीफन्स यांनी ती कुठेही घाईने उरकलेली नाही.